सातही दात काढायलाच हवेत का?

पत्र: नमस्कार डॉक्टर. वय ६७, शाळेतून रिटायर झाले, आम्ही मिरजेला असतो. वरचे सगळे दात जाऊन नऊ वर्षं झाली, वर कवळी आहे. खाली पुढचे सातच दात राहिलेत, त्यातले मधले हलतात. डेंटिस्ट म्हणाले सातही काढू आणि खाली पूर्ण कवळी करू. ह्यांचं म्हणणं या वयात कशाला खर्च, आणि दात काढले की डोळे जातात. पुण्याचा मुलगा म्हणतो आई इम्प्लांट कर, फिक्स दात बसव. मला शुगर आहे, रक्त पातळ व्हायची ॲस्पिरिनची गोळी पण चालू आहे. वरची कवळी आता बोलताना खाली येते म्हणून गुरुवारचं भजन बंद केलं. ओठांचे कोपरे सारखे चिरतात, बी कॉम्प्लेक्स घेते पण फरक नाही. चावताना टकटक आवाज येतो, लाज वाटते, म्हणून सगळ्यांचं झालं की मागनं एकटीच जेवते. अडीच महिन्यांनी भाचीचं लग्न आहे. आणि एक गोष्ट घरात कुणाला माहीत नाही, मी मिश्री लावते, लग्नाआधीपासून. काय करू? – एक वाचक, मिरज

उत्तर:

ताई, नमस्कार.

सातही दात काढायला लगेच हो म्हणू नका, आणि नाही पण म्हणू नका. आधी तुमच्या डेंटिस्टना एकच विचारा, माझे खालचे दोन सुळे ठेवता येतील का? मी तुमचं तोंड बघितलेलं नाही, एक्सरे बघितलेला नाही, त्यामुळे हो की नाही ते तेच सांगू शकतील, पण पेशंटने विचारलं नाही तर हा पर्याय पुष्कळदा समोर येतच नाही, घाईत सगळे काढा आणि कवळी करा असं होऊन जातं. दात एकदा काढला की परत बसवता येत नाही, त्यामुळे थोडं थांबून विचारायला काहीच हरकत नाही.

आता का ते सांगते. दात किंवा त्याचं नुसतं मूळ जरी जागेवर असेल तरी भोवतीचं हाड टिकून राहतं. दात काढला की त्या हाडाला काम उरत नाही, ते झिजायला लागतं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त आणि मग हळूहळू आयुष्यभर, आणि वरच्या जबड्यापेक्षा खालचा जास्त झिजतो. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडाचं बोळकं होतं, हनुवटी नाकाजवळ येते, ओठ आत जातात, ते नुसते दात गेल्यामुळे नाही, खालचं हाड गेल्यामुळे पण. आणि कवळीला बसायला हाडाचा तोच उंचवटा लागतो ना. वरच्या कवळीला अख्खी टाळू मिळते, ती लाळेच्या पातळ थरावर चिकटून राहते. खालच्या कवळीला मिळते फक्त एक अरुंद पट्टी, मध्ये जीभ सारखी वळवळतेय, बाजूने गाल ढकलतायत. पूर्ण कवळी असलेल्या कुणालाही विचारून बघा, वरची जमली पण खालची काही केल्या जमत नाही हेच ऐकायला मिळेल.

सुळ्याचं मूळ सगळ्या दातांत लांब असतं, त्यामुळे हिरड्या खराब झालेल्या तोंडात पण शेवटपर्यंत तग धरतात ते बहुतेक वेळा सुळेच. मधले हलतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे कडेचे घट्ट असावेत. ते खरंच घट्ट असतील आणि एक्सरेत त्यांच्या मुळाभोवती पुरेसं हाड दिसत असेल तर दोघांचं रूट कॅनल करायचं, हिरडीच्या जरासे वर राहतील एवढे घासून बुटके, गोलसर करायचे आणि कवळी त्यांच्यावरून बसवायची. याला ओव्हरडेंचर म्हणतात. बघणाऱ्याला ती साधी कवळीच वाटते, रोज काढता-घालता येते, पण आत दोन मुळं हाड धरून ठेवतात. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच वर्षांनी मोजमाप केलं तेव्हा खालचे सगळे दात काढलेल्यांचं जबड्याच्या पुढच्या भागातलं हाड सरासरी ५.२ मिलिमीटर कमी झालं होतं, सुळ्यांची मुळं ठेवलेल्यांचं फक्त ०.६. शिवाय मुळाभोवतीची संवेदना शाबूत राहते, घास कडक आहे का, भातात खडा आला का, किती जोरात चावतोय, हे कळतं. सगळे दात गेलेल्या माणसाला ते तितकंसं कळत नाही.

पण ही मुळं फुकट टिकत नाहीत हेही सांगायला हवं. कवळीखाली झाकली गेल्यामुळे ती लवकर किडतात, तेव्हा रोज कवळी काढून फ्लोराइडच्या टूथपेस्टने तेवढे दोन ठिपके मऊ ब्रशने घासायचे, रात्री तर नक्कीच, आणि सहा महिन्यांनी दाखवायचं. हे जमणार नसेल तर ओव्हरडेंचरच्या भानगडीत पडू नका, मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं, या वयात कशाला. याला माझा साफ विरोध आहे आणि तो तुमच्याच तोंडाच्या हिशोबाने. आत्ता तुमच्याकडे वर पूर्ण कवळी आणि खाली फक्त पुढचे दात, दाढा नाहीत, म्हणजे चावायचा सगळा भार पुढे. खालचे खरे दात वरच्या कवळीच्या पुढच्या भागावर रोज दाब देतात, त्याने वरचं पुढचं हाड विरघळत जातं आणि त्या जागी नुसती लिबलिबीत हिरडी राहते. वरची कवळी बोलताना खाली यायला लागली त्याचं एक कारण हे असू शकतं. म्हणजे काहीच न करता बसलो तर आहे तसंच राहील असं नाहीये, दरवर्षी थोडं आणखी बिघडेल आणि पुढे नवी कवळी बसवणंही अवघड होईल. खाली मागच्या दाढांचा आधार आत्ता हवाय.

आणि दात जाणं म्हणजे वय झालं हे आपण इतकं धरून चाललोय की कुणी प्रश्नच विचारत नाही. दात वयाने पडत नाहीत, किडीने आणि हिरड्यांच्या आजाराने पडतात. जपानने १९८९ साली ८०२० नावाची मोहीम सुरू केली, ८० व्या वर्षी स्वतःचे २० दात, आणि २०१६ च्या तिथल्या सरकारी पाहणीत निम्म्याहून जास्त लोकांनी ते गाठलेलं होतं. तुमचे गेले त्यात तुमचा दोष काढायला हे सांगत नाहीये, ज्यांचे दात अजून आहेत त्यांनी वाचावं म्हणून सांगतेय, तुमच्या मिस्टरांनी पण.

डोळ्यांचं थोडक्यात. दात काढल्याने नजर जात नाही. दाताची संवेदना नेणारी नस वेगळी, दृष्टीची वेगळी. ज्या वयात दात काढायची वेळ येते त्याच वयात मोतीबिंदू येतो, शुगरवाल्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब व्हायला लागतो, म्हणून लोकांनी दोन्हीची सांगड घातली. तुम्हाला शुगर आहे तर डोळे तपासून घ्या, ते शुगरसाठी, दातांसाठी नाही. दात साफ केले की हलायला लागतात हेही असंच. किटणाचा थर निघाला की आधीच सुटलेला दात हलताना जाणवतो इतकंच, क्लीनिंगने तो सुटत नाही.

शुगर आणि हिरड्या यांचं मात्र खरंच दोन्ही बाजूंनी नातं आहे. शुगर वाढलेली असेल तर हिरड्या लवकर खराब होतात, आणि हिरड्यांत इन्फेक्शन असेल तर शुगर आटोक्यात यायला त्रास होतो. म्हणून दात काढायच्या आधी तीन महिन्यांच्या सरासरीची, एचबीएवनसी, ती टेस्ट करून रिपोर्ट सोबत न्या. सकाळची वेळ घ्या, नेहमीचा नाश्ता करून, शुगरची गोळी घेऊन जा. उपाशीपोटी कृपा करून जाऊ नका, दात काढायचा म्हणून सकाळपासून काही न खाता आलेले शुगरचे पेशंट खुर्चीत घाम फुटून गळून जाताना मी बघितलेत. ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. बहुतेक वेळा गोळी चालू ठेवून, टाके घालून, दाब देऊन रक्त थांबवता येतं, आणि हृदयासाठी दिलेली गोळी अचानक सोडणं जास्त धोक्याचं. सोबत दुसरी कुठली रक्त पातळ करायची गोळी असेल तर डेंटिस्ट आणि तुमच्या फिजिशियनचं एकमेकांशी बोलणं करून द्या. आणि पत्रात नाही पण विचारते, हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं, सहा महिन्यांचं इंजेक्शन कधी घेतलंय का? घेतलं असेल तर दात काढायच्या आधी सांगाच. त्या औषधांनी क्वचित दात काढलेल्या जागी जबड्याचं हाड भरून येत नाही. बायका हे सांगायचं विसरतात, हाडांचं औषध आणि दाताचा काय संबंध असं वाटतं म्हणून.

मुलाचं म्हणणं चुकीचं नाहीये, फक्त त्याने बहुतेक सगळ्यात महागडा प्रकार डोळ्यांसमोर ठेवलाय. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात आणि हाड त्याला घट्ट धरून ठेवतं. हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी शोधलं, १९६५ साली पहिल्या माणसाच्या खालच्या जबड्यात ते बसवले आणि चाळीस वर्षांनंतरही ते काम करत होते. वयाची अडचण नसते, सत्तरीनंतर पण होतात. पण पूर्ण फिक्स दातांसाठी चार ते सहा इम्प्लांट लागतात आणि खर्च लाखांत जातो. खालच्या जबड्यासाठी मधला मार्ग आहे, दोनच इम्प्लांट पुढे घालायचे आणि कवळीला आतून टिचबटणासारखी पकड द्यायची, टक्कन बसते, हाताने काढता येते, बोलताना जेवताना उठत नाही. २००२ साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जगभरातले तज्ज्ञ जमले होते, त्यांनी खाली एकही दात नसलेल्यांसाठी हाच पहिला पर्याय मानावा असं म्हटलं. तर मुलाला सांगा की आधी सुळ्यांचं विचारू, ते ठेवण्यासारखे नसतील तर दोन इम्प्लांटचं बघू, तेही शक्य नसेल तर चांगली साधी कवळी. शुगर ताब्यात नसताना आणि तंबाखू चालू असताना इम्प्लांट फसण्याची शक्यता वाढते, तंबाखूवर मी शेवटी येतेच.

वरच्या कवळीचं. नऊ वर्षं झाली म्हणजे तिचे दात घासून बुटके झालेत, खालून हाड सरकलंय, तोंड मिटलं की गरजेपेक्षा जास्त मिटतं. मग ओठांच्या कोपऱ्यात घडी पडते, तिथे लाळ साचून ओल राहते आणि बुरशी धरते, शुगरवाल्यांना लवकर. बी कॉम्प्लेक्सने हे का जात नाही ते आलं ना लक्षात? बुरशीवरचं मलम लागेल, कवळी स्वच्छ लागेल आणि उंची नीट केलेली नवी कवळी लागेल. वर-खाली दोन्ही एकत्रच करून घ्या, जुन्या झिजलेल्या वरच्या कवळीला जुळवून खालची नवी करणं म्हणजे पैसे वाया. टकटक आवाजही यानेच जाईल, तो सैल कवळीचा आणि बिघडलेल्या उंचीचा आवाज आहे.

कवळी करताना मापं घेऊन झाली की एक दिवस मेणात बसवलेले दात ट्रायलला घालतात. हा दिवस फार महत्त्वाचा, आणि पेशंट नेमके यालाच एकटे येतात, आरसा बघून छान छान म्हणतात आणि निघून जातात. तुम्ही तसं करू नका. बरोबर बहीण किंवा मुलगी, जी खरं बोलेल तिला न्या. तुमचा चाळिशीतला हसणारा फोटो न्या, दात केवढे होते, किती दिसायचे ते त्यावरून कळतं. मेणाचे दात तोंडात असताना साठपासून सत्तरपर्यंत मोठ्याने अंक म्हणा, पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, यात स आणि ष भरपूर येतात, वरचे खालचे दात एकमेकांवर आपटत असतील किंवा शिट्टी वाजत असेल तर लगेच कळतं. मग फ आणि व चे शब्द म्हणा, फळ, फणस, वाफ, तेव्हा वरच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकी टेकली पाहिजे. तुम्ही भजन म्हणता तर अभंगाची दोन कडवी तिथेच म्हणून बघा, ठेक्यात, नेहमीच्या स्वरात, डॉक्टरांना सांगा की मी गाते. लाजू नका. मेण असेपर्यंत दात पुढे-मागे, वर-खाली सगळं करता येतं, एकदा मेणाच्या जागी पक्कं ॲक्रिलिक प्लास्टिक झालं की मग फक्त घासणं उरतं. रंग फार पांढराशुभ्र घेऊ नका असं माझं मत, ६७ व्या वर्षी थोडा पिवळसर दातच खरा दिसतो.

नवी कवळी बसल्यावर पहिले काही दिवस तोंडात काहीतरी कोंबल्यासारखं वाटतं, लाळ सुटते, जीभ अडखळते, ते जातं, दीड-दोन महिने द्यावे लागतात. कुठे टोचून जखम झाली तर काढून ठेवा पण डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी थोडा वेळ परत घाला, नाहीतर टोचणारी जागा त्यांना दिसणारच नाही. घरी कानशीने, सुरीने, पॉलिश पेपरने घासायचं नाही, अजिबात नाही. माझ्याकडे भाजी विकणाऱ्या एक मावशी यायच्या, कवळी पदराच्या गाठीत बांधलेली, गिऱ्हाईक आलं की घालायच्या आणि जेवायला बसल्या की काढून गाठीत. किती दिवस असं चाललंय विचारलं तर म्हणाल्या केल्यापासून. टोचतेय हे सांगायला परत यायचं असतं हेच त्यांना कुणी बोललं नव्हतं. दोन जागा घासायला पाच मिनिटं लागली. तर परत जा, कितीही वेळा जावं लागलं तरी जा, कवळीच्या पैशात ते धरलेलंच असतं.

आता पत्रातली जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. तुम्ही मागनं एकट्या जेवता. ताई, हे आजपासून बंद करा, दात बसायची वाट बघू नका. हळूहळू काय होतं, आधी माणूस वेगळा जेवतो, मग कमी जेवतो, मग चहा-बिस्कीट आणि मऊ भातावर दिवस काढतो, वजन उतरतं, शुगर मात्र वर जाते कारण पोटात जातंय ते सगळं पीठ आणि साखर, आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही कारण ताटात काय होतं ते कुणी बघितलेलंच नसतं. भजन सुटलं, जेवणातली सोबत सुटली, आता लग्नाला जायचं टाळाल. घरात एकदाच सांगून टाका, मला दातांमुळे चावायला वेळ लागतो, आवाज येतो, तरी मी तुमच्याबरोबरच बसणार, माझं होईपर्यंत उठू नका. एवढंच. मिस्टरांना चालायला त्रास असता तर तुम्ही त्यांच्याबरोबर हळू चालला असतात ना? भाकरी आमटीत कुस्करून खाण्यात लाज कसली, आपल्याकडे काला करून खाणारे काय कमी आहेत?

आणि ताटात काय असावं ते पण बघू. प्रोटीन सुटता कामा नये. घट्ट वरण, पिठलं, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी वर तूप, शेंगदाण्याचं बारीक कूट, दही, किसलेलं पनीर, अंडं चालत असेल तर भुर्जी, मासे चालत असतील तर काटे काढून. पालेभाजी बारीक चिरून डाळ घालून पातळ करा. फळं किसून, सफरचंद किसलं की तोंड चालवावं लागत नाही, रस मात्र काढू नका, शुगरला वाईट. साबुदाणा, खारी, टोस्ट, मारी बिस्कीट यांना जेवण समजू नका. नवी कवळी आल्यावर पहिले दिवस छोटे घास, दोन्ही बाजूंनी एकदम चावायचं म्हणजे कवळी एका बाजूला उचलत नाही, आणि पुढच्या दातांनी तोडायचं नाही, ना बाकरवडी ना कणीस, हाताने तुकडे करून मागे ठेवायचे. तीळ आणि पेरूच्या बिया कवळीखाली जाऊन जीव नकोसा करतात. पूर्ण कवळीने चावायचा जोर खऱ्या दातांच्या साधारण पाव भागच मिळतो, तेव्हा पूर्वीसारखे चणे-फुटाणे फोडता येतील अशी अपेक्षा ठेवू नका, पण भाकरी, भाजी, उसळ, पोळी हे सगळं येतं.

लग्नाचं बोलायचं तर अडीच महिन्यांत जमू शकतं पण उद्याच सुरुवात करायला हवी. दात काढल्यावर जखम भरून हिरडी स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून डेंटिस्टना विचारा की दात काढल्या दिवशीच बसवायची कवळी करता येईल का. ती आधी मापं घेऊन तयार ठेवतात, तुम्ही एक दिवसही बिनदाताच्या राहत नाही. मात्र हाड आणि हिरडी जसजशी बसते तसतशी ती सैल होते, काही महिन्यांनी आतून नवा थर द्यावा लागतो, तो खर्च धरून चाला. पुढच्या दातांची मेणाची ट्रायल तिच्यात नीट होत नाही, त्यामुळे मनासारखी कवळी नंतर होईल असं समजूनच ती घ्यायची. दात काढल्या दिवशी कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून ठेवायचा, दिवसभर थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, गरम चहा नाही, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या.

कवळीची निगा म्हणजे रात्री काढून पाण्याच्या डबीत ठेवायची. झोपेत घालून ठेवणाऱ्या अतिवृद्ध लोकांत न्यूमोनियाचा धोका दुप्पट दिसला असा जपानी अभ्यास २०१५ मध्ये आला होता, आणि टाळूवर बुरशी तर होतेच. टूथपेस्टने घासायची नाही, ओरखडे पडतात, साध्या साबणाने आणि मऊ ब्रशने धुवायची, खाली बादलीत पाणी ठेवून म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. उकळत्या पाण्यात टाकली तर वाकडी होते.

खर्च झेपत नसेल तर डेंटल कॉलेजचा रस्ता धरा. सांगलीत आहेत, मुंबईत सरकारी आणि नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी, गोव्यात बांबोळीला. फेऱ्या जास्त होतात, विद्यार्थी करतात पण वर शिक्षक बसलेले असतात, आणि कवळीचं काम तिथे बऱ्याचदा खाजगीपेक्षा जास्त सावकाश आणि नीट होतं असं मी मानते. उत्पन्न कमी असलेल्या ६० वर्षांवरच्या लोकांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, तिच्या यादीत चष्मा, श्रवणयंत्राबरोबर कवळीही आहे. तुम्हाला पेन्शन असेल तर कदाचित बसणार नाही, पण तुमच्या भजनी मंडळात कुणाला उपयोगी पडेल. आरोग्य विम्यात दातांचं काम बहुतेक धरत नाहीत, पॉलिसी काढून बघा.

राहिली मिश्री. तुम्ही सांगितलंत हे फार बरं केलंत. मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेला तंबाखूच, दातावर चोळला तरी हिरडीवाटे निकोटिन रक्तात जातं. हिरड्या खाली सरकायला, दात हलायला तिचा हात आहेच, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहे, हे तुम्हाला घाबरवायला नाही पण लपवून पण सांगणार नाही. लावली नाही तर पोट साफ होत नाही असं बायका सांगतात, ते खोटं नसतं, निकोटिनने आतडी चाळवतात, सोडल्यावर थोडे दिवस अडखळतं आणि मग पूर्ववत होतं. तेवढे दिवस सकाळी कोमट पाणी, पालेभाजी, लागलंच तर डॉक्टरांना विचारून इसबगोल. दिवसातून किती वेळा लावता? जेवणानंतरची आणि दुपारची आधी सोडा, सकाळची शेवटी, आणि एक तारीख ठरवा, दात काढायच्या दिवसापासून तर बंदच, कारण जखम भरायला तंबाखू आडवा येतो. पहिला आठवडा कठीण जातो, चिडचिड होते, डोकं दुखतं, मग उतरतं. केंद्र सरकारची तंबाखू सोडायला मदत करणारी फोन सेवा आहे, १८००-११-२३५६, पैसे लागत नाहीत, घरात सांगायचं नसेल तर निदान तिथे बोला. डेंटिस्टना मात्र सांगायचंच, आणि सांगून सगळं तोंड तपासून घ्यायचं, गालाच्या आतून, जिभेखाली, मिश्री जिथे लावता ती जागा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, कडक गाठ, तोंड उघडायला कमी झालंय, यातलं काहीही दिसलं तर कवळी, इम्प्लांट, लग्न सगळं बाजूला ठेवून आधी त्या जागेचा छोटा तुकडा काढून तपासायला द्या.

जाताना एचबीएवनसीचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी, जुना एक्सरे असेल तर तो, आणि घासून स्वच्छ केलेली वरची कवळी तोंडात घालूनच जा. सुळ्यांबद्दल ते नाही म्हणाले तर का नाही ते एक्सरेवर बोट ठेवून दाखवायला सांगा, आणि पटलं नाही तर ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दिसणारा मोठा एक्सरे, घेऊन दुसऱ्या डेंटिस्टना, शक्यतो कवळीच्या कामातल्या तज्ज्ञांना, म्हणजे प्रोस्थोडोंटिस्टना दाखवा. काय म्हणाले ते मला कळवा.